तिसरी आणि चौथी गाडी

महाशिवरात्रीच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, पूर्णा तालुक्यातल्या एका गावात जत्रा समितीच्या लाउडस्पीकरवरून पुकारा झाला : "मोटार रेसचा खेळ बंद करण्यात येत आहे. गाड्या सारख्या नाहीत. कुणीही तिकीट घेऊ नये." हा पुकारा तीन वेळा झाला. खेळ युसूफभाईंचा होता. त्यातल्या चारही गाड्यांच्या मोटरी मी निवडून दिलेल्या होत्या आणि "चारही मोटरी सारख्या. तपासून दिल्या" अशी चिठ्ठी माझ्या सहीने त्यांच्या तंबूत टांगलेली होती.

गावाचं नाव देत नाही. पुकारा अर्धवट माहितीवर झाला होता आणि ती माहिती अर्धवट राहण्यात गावाचा दोष नव्हता.

परभणीत एका जिल्हा दैनिकात मी अकरा वर्षं होते. आधी मुद्रितं तपासायला, नंतर बातम्यांच्या टेबलावर. ते दैनिक बंद झालं तेव्हा घरच्या दुकानात येऊन बसले. दुकान पंपांच्या मोटरी भरण्याचं. यजमान मोठ्या मोटरी पाहत. माझ्याकडे लहान मोटरींचं टेबल आलं : मिक्सर, शिलाई मशीन, कूलरचा पंप, आणि सगळ्यात शेवटी खेळण्यातल्या मोटरी. मोठ्या मोटरीची तार जळली तर ती पुन्हा भरता येते. खेळण्यातली मोटर पेरूएवढीही नसते. ती उघडून दुरुस्त करण्यात अर्थ नाही. ती निवडावी लागते आणि मुरवावी लागते. पुढची बावीस वर्षं मुख्यतः हेच केलं.

खाचेतली गाडी म्हणजे काय, ते आधी सांगते. लाकडी फळीवर एक अरुंद खाच असते. खाचेच्या दोन्ही कडांना तांब्याच्या पट्ट्या. हातभर नव्हे, वीतभरही नसलेली गाडी. तिच्या पोटाखाली एक जीभ, ती खाचेत जाते आणि गाडीला वाट दाखवते. जिभेच्या दोन बाजूंना विणलेल्या तारेचे दोन झुपके पट्ट्यांवर घासतात आणि वीज घेतात. खेळणाऱ्याच्या हातात एक दांडी असते. जितकी दाबाल तितका वेग. वळणावर सोडली नाही तर गाडी खाचेतून उडते आणि लोक हसतात. खेळ एवढाच आहे. चार खाचा, चार गाड्या, चार माणसं, दहा फेऱ्या.

या खेळात सगळ्यात वेगवान मोटर लागते असं बाहेरच्यांना वाटतं. घरी खेळणाऱ्या हौशी माणसाला ती लागते. भाड्याने खेळ चालवणाऱ्याला सारख्या मोटरी लागतात. एकाच कारखान्यातून, एकाच खोक्यातून आलेल्या पन्नास मोटरी सारख्या नसतात. एखादीचं चुंबक कमजोर असतं, एखादीचा दांडा केसभर वाकडा. मी त्या एकेक करून विजेच्या समान दाबावर फिरवत असे, किती वीज खाते ते मीटरवर आणि किती फेरे घेते ते काट्यावर पाहत असे आणि वहीत लिहीत असे. कमी फेरे घेऊन जास्त वीज खाणारी मोटर बाजूला. पन्नासांतून चार जुळल्या तर तो दिवस चांगला गेला असं धरायचं.

निवडीनंतर मुरवण्याचं काम. हा शब्द आमच्या दुकानातला. तो पुस्तकात सापडणार नाही. मोटरीच्या आत तांब्याचा एक गोल असतो आणि त्याला दोन्ही बाजूंनी कार्बनचे दोन तुकडे टेकलेले असतात. त्यांच्यातून वीज फिरत्या भागात जाते. गोल तो गोल आणि नवा कार्बन सपाट. म्हणजे दोघं एका रेषेवरच टेकतात. अशी मोटर पहिल्याच दिवशी पूर्ण दाबावर पळवली तर त्या रेषेवर ठिणग्या पडतात, गोल काळा होतो आणि मोटर जन्मभर अडखळते. म्हणून तिला पावपट विजेवर, हळू, दोन-तीन तास फिरवायचं. कार्बन झिजत झिजत गोलाचा आकार घेतो. मग स्पिरिटने भुकटी धुवायची, दांड्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्यायचा. एकच. दोन दिले तर दुसरा कार्बनवर जातो.

मुरवताना एक गोष्ट पाहावी लागते, आणि ती मला पिंगळीच्या गायकवाडसाहेबांनी शिकवली होती. गायकवाडसाहेब रेल्वेतून निवृत्त झालेले. माझ्या गिऱ्हाइकांत तेच एक असे होते ज्यांना हळू मोटर हवी होती.

"ताई, मला पळणारी नको. थांबणार न्हाई अशी द्या," ते म्हणाले.

"किती हळू?"

"पॅसेंजरएवढी."

त्यांनी घराच्या व्हरांड्यात एकच सरळ खाच केली होती. गाडी एका टोकाला जाई, तिथे बटण दाबलं जाई आणि ती उलट्या पावली परत येई. दिवसभर. मी दिलेली मोटर जाताना नीट जायची, येताना कण्हायची. त्यांनी ती परत आणली. "जाताना पॅसेंजर हाय, येताना मालगाडी," असं त्यांचं म्हणणं होतं. मी चार दिवस कारण शोधलं. कार्बनचा तुकडा आपल्या खोबणीत किंचित हलतो. मोटर एका दिशेने फिरते तेव्हा तो त्या दिशेला कलतो आणि कललेल्या स्थितीतच झिजून गोलाला बसतो. दिशा उलटली की तो दुसरीकडे कलतो, आणि मुरवलेला आकार फुकट जातो. पुन्हा कडेवरच टेकतो. गायकवाडसाहेबांची मोटर मी दोन्ही दिशांनी अर्धा अर्धा वेळ मुरवून दिली. ती अजून चालू आहे.

त्या दिवशी वहीत मी लिहिलं : "मोटर कुठल्या दिशेने चालणार, आधी विचारणे." ओळीखाली रेघ मारली. बहुतेक गाड्या एकाच पद्धतीच्या असतात, त्यामुळे पुढे हळूहळू विचारणं सुटलं.

युसूफभाई हे यजमानांच्या ओळखीचे. त्यांचे वडील जत्रांमधून फोटोचा पडदा लावायचे : पडद्यावर विमान, पुढे खुर्ची. मोबाइल आले आणि पडद्याचं काम संपलं. युसूफभाईंनी हैदराबादला बंद पडलेल्या एका खेळघरातून चार खाचांचा ट्रॅक आणला. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा. आत जाणारी खाच मध्ये ओलांडून बाहेर येते, त्यामुळे चारही खाचांची लांबी एक भरते. ट्रॅक सहा तुकड्यांत टेम्पोत मावतो. मानवत, ताडकळस, पूर्णेकडच्या जत्रा, असा त्यांचा हिवाळा ते उन्हाळा जातो. घरात कमावणारे ते एकटेच, आणि कमाई या एका खेळाची.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी चारही गाड्यांत नव्या मोटरी बसवायचं ठरवलं. ट्रॅक टेम्पोत बांधलेला होता. गाड्या घरी होत्या. ते फक्त माप घेऊन आले.

"भाभी, चार द्या. जुळ्या बहिणींसारख्या."

"जुळ्या दोनच असतात."

"मग चौघी द्या. पन भांडनं नकोत मला. जत्रेत लोक लय बारीक बघत्यात."

मी एकोणपन्नास मोटरींतून चार काढल्या, तीन तास मुरवल्या, टेबलावर जुळवल्या. चौघींच्या फेऱ्यांतला फरक मीटरच्या चुकीपेक्षा कमी होता. चिठ्ठी लिहून दिली. युसूफभाईंनी ती प्लास्टिकमध्ये घालून घेतली आणि तंबूत टांगली. मी गाड्या पाहिल्या नव्हत्या, ट्रॅकवर चाचणी घेतली नव्हती आणि दिशा विचारली नव्हती.

पुकारा झाला त्या दिवशी सव्वाचारच्या पुढे युसूफभाईंचा फोन आला. मागे पिपाण्यांचा आवाज होता.

"भाभी, खेळ बंद केला माझा."

"कुणी?"

"समितीनं. माइकवर. तीनदा पुकारलं. तिसरी न् चवथी गाडी मागं राह्यलीय म्हनत्यात. लोक म्हनायलेत, ओळखीच्याला पयल्या खाचेवर बसवतो न् परक्याला चवथ्या."

"राहतायत का मागे?"

"राह्यल्यात," ते म्हणाले. "मी काल बी बघितलं होतं. पन तुमची चिठ्ठी होती ना."

समितीचा निर्णय त्यांनी वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता समितीसमोर तपासणी. गाड्या सारख्या निघाल्या नाहीत तर तंबू उठवायचा, आणि पुढच्या वर्षी जागा मिळणार नाही. खेळवाल्यांच्या दृष्टीने यातलं दुसरं वाक्य जास्त वाईट. एका जत्रेची समिती पुढच्या जत्रेच्या समितीला फोन करून विचारते. एका जागेवरून "गाड्या सारख्या नाहीत" असं उत्तर गेलं की उरलेल्या जागाही जातात. शिवाय पुकाऱ्याचं मोबाइलवर चित्रण झालेलं होतं.

सकाळच्या एसटीने मी ताडकळसला उतरले. युसूफभाई मोटारसायकल घेऊन थांबले होते. साडेआठला आम्ही जत्रेत होतो. माझ्या पिशवीत मीटर, विजेचा दाब कमी-जास्त करायचं यंत्र, स्पिरिट, तेल, स्क्रू-ड्रायव्हर आणि वही. तंबू पाळण्याच्या शेजारी होता. पाळणा अजून सुरू झालेला नव्हता. चिठ्ठी जागेवरच होती.

तक्रार करणारा गंगाधर ट्रॅक्टर चालवतो. तो आधीच येऊन थांबला होता. पहिल्या दिवशी तो चौथ्या खाचेवर, त्याचा मेहुणा पहिल्या खाचेवर, असे सहा डाव झाले होते आणि सहाही मेहुण्याने जिंकले होते.

"ताई, तुमीच का त्या चिठ्ठीवाल्या?" त्याने विचारलं.

"हो."

"त्या चवथ्या गाडीला बैल जुंपा. निदान पोचल तरी."

"तुम्ही चालवत होता, की दुसरं कुणी?"

"म्या आठ गियरचा ट्रॅक्टर चालवतो, ताई. ही दांडी दाबायला काय डोस्कं लागतंय?"

माणसाचा हात बाजूला काढायचा तर दांड्या माणसाच्या हातात ठेवून चालणार नव्हतं. विजेचा दाब मी आठ व्होल्टवर आणला. एवढ्या विजेवर दांडी पूर्ण दाबली तरी गाडी वळणावर उडत नाही. मग चारही दांड्यांना रबर गुंडाळून त्या दाबलेल्या ठेवल्या आणि एका बटणावर चारही गाड्या सोडल्या. दहा फेऱ्या. पहिली आणि दुसरी बरोबर आल्या. तिसरी आणि चौथी अर्धी फेरी मागे.

गंगाधरने युसूफभाईंकडे पाहिलं.

आता तीन शक्यता होत्या : दोष खाचेत, गाडीत किंवा मोटरीत. मी गाड्यांच्या खाचा बदलल्या. तिसरी गाडी पहिल्या खाचेत, पहिली तिसऱ्या खाचेत, तसंच दुसरी आणि चौथी. मागे पडल्या त्या पुन्हा तिसरी आणि चौथी गाडीच. म्हणजे ट्रॅक निर्दोष.

मग पहिल्या गाडीची मोटर तिसऱ्या गाडीत बसवली आणि तिसरीची पहिलीत. बसवण्याचं काम युसूफभाईंनी केलं. त्यांचा हात त्यात जलद आहे. पुन्हा दहा फेऱ्या. मागे राहिली ती तिसरी गाडी. तिच्यात आता पहिल्या गाडीची मोटर होती. आणि तिसऱ्या गाडीत मागे पडलेली मोटर पहिल्या गाडीत जवळजवळ बरोबरीने धावली.

मी वहीत लिहिलं : "मोटर निर्दोष. दोष गाडीत." तेव्हा साडेनऊ वाजले होते.

युसूफभाईंना मराठी वाचता येतं. त्यांनी ती ओळ वाचली. "म्हंजे माझीच चूक," ते म्हणाले. "गाड्या माझ्या. मीच बसवल्या."

ती नोंद माझ्या सोयीची होती. चिठ्ठीत मी मोटरींबद्दल लिहिलं होतं, गाड्यांबद्दल नाही. तेवढ्यावर मी एसटी पकडून परत येऊ शकले असते, आणि चिठ्ठीतलं एकही अक्षर खोटं ठरलं नसतं. पण बातम्यांच्या टेबलावर एक सवय लागली होती. एखादी माहिती आपल्या सोयीची निघाली की ती आणखी एकदा पडताळायची. दोष गाडीत आहे, तर गाडीत कुठे? ते अजून दिसलेलं नव्हतं.

शेजारच्या पेढेवाल्याकडून काटा आणला. चारही गाड्या मोजल्या. वजनात पेढ्याच्या कणाएवढा फरक. मोटरी काढून चारही गाड्या तिरक्या फळीवरून सोडल्या. चारही सारख्याच गेल्या. म्हणजे गाडी जड नाही आणि चाकं घट्ट नाहीत. मोटर निर्दोष, ट्रॅक निर्दोष, आणि आता गाडीही निर्दोष. तरी गाडी मागे पडत होती.

पेढेवाला काटा परत न्यायला आला तेव्हा युसूफभाई तिसऱ्या गाडीत तिची मूळ मोटर परत बसवत होते. ते स्वतःशीच बोलले, "हिच्या तारा उलट्या लावायच्या. न्हाई तर मागं पळती."

"कुठल्या तारा?"

"मोटरीच्या. ह्या दोन गाड्यांत मोटर उलटी बसती ना, भाभी. पयल्या दोन हैदराबादच्या. ह्या दोन मी मागनं घेतल्या, दुसऱ्या बनावटीच्या. हिच्यात दातांचं चाक डाव्या अंगाला. मग मोटर बी तोंड फिरवून बसवावी लागती. तारा अदलाबदल केल्या की गाडी पुढं जाती."

"हे मला सांगितलं नव्हतं."

"तुमी कुठं विचारलं?"

ते खरं होतं. पहिल्या दोन गाड्यांत मोटर ज्या दिशेने फिरायची, तिसऱ्या आणि चौथ्या गाडीत त्याच्या उलट फिरत होती. मी चारही मोटरी एकाच दिशेने मुरवल्या होत्या. त्यामुळे कुठलीही मोटर पहिल्या गाडीत नीट चालायची आणि तिसऱ्या गाडीत गेली की कण्हायची. गायकवाडसाहेबांची मालगाडी. वहीतली साडेनऊची ओळ मी खोडली नाही. तिच्याखाली लिहिलं : "वरील नोंद चूक. दोष मुरवण्याच्या दिशेत. चूक दुकानाची." वेळ दहा वाजून पाच मिनिटं.

युसूफभाईंनी तीही ओळ वाचली. मग ते तंबूच्या कडेला गेले, तांब्याभर पाणी प्यायले आणि परत येऊन बसले.

"आता काय, नव्या मागवायच्या?" त्यांनी विचारलं.

नव्या मोटरी मागवल्या असत्या तर जत्रा संपल्यावर आल्या असत्या. त्याची गरज नव्हती. तिसऱ्या आणि चौथ्या गाडीच्या मोटरी उलट दिशेने पुन्हा मुरवायच्या होत्या. अडचण वेळेची. कोरड्या पद्धतीने तीन तास लागतात आणि हातात दोनही नव्हते. घाईच्या कामाला एक दुसरी पद्धत आहे, ती मी सहसा वापरत नाही, कारण तिच्यात कार्बन जास्त खर्च होतो आणि मोटरीचं आयुष्य कमी होतं. मोटर पाण्यात बुडवून फिरवायची. पाणी साधं नाही. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी. गंगाधरने ते आणून दिलं. त्याच्या ट्रॅक्टरमध्ये बाटली होती.

चहावाल्याकडून स्टीलचं पातेलं घेतलं. पाणी ओतलं, दोन तारांना मोटर लटकवून आत सोडली आणि तीन व्होल्टवर उलट दिशेने सुरू केली. तोपर्यंत तंबूभोवती वीस-पंचवीस माणसं जमली होती.

"ओ बाई, काय करायलात? करंट लागल ना!"

"टॉर्चच्या सेलएवढी वीज आहे. नाही लागत."

"मोटर पान्यात? आमची पंपाची मोटर भिजली की जळती, न् ही न्हायलीय!"

"आंघोळ घालायल्यात," गंगाधर म्हणाला. "महाशिवरात्रीची जत्रा हाय. अभिषेक."

पाणी आधी स्वच्छ होतं. मिनिटाभरात मोटरीच्या खालून करडा धूर निघावा तशी कार्बनची भुकटी निघाली आणि पाणी राखेच्या रंगाचं झालं. आवाज सुरुवातीला खरखरीत होता. दोन मिनिटांनी तो सपाट झाला. मोटर बाहेर काढली, पाणी झटकलं, स्पिरिटने धुतली, तेल दिलं. दुसरीचंही तसंच. मग दोन्ही मोटरी कोरड्या, कमी विजेवर, उलट दिशेनेच तासभर फिरू दिल्या. मीटर दर दहा मिनिटांनी पाहिला. वीज खाण्याचा आकडा हळूहळू उतरत गेला आणि साडेअकराच्या सुमाराला पहिल्या दोघींच्या आकड्यापाशी येऊन थांबला. तो पुढच्या दोन वाचनांत हलला नाही, तेव्हा मी मोटरी युसूफभाईंकडे दिल्या.

बारा वाजता समितीचे अध्यक्ष शिवलिंगअप्पा आले. धान्याचे व्यापारी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, हातात समितीची तक्रारवही. आदल्या दिवशीचा पुकारा त्यांनीच केला होता. वहीत रेसच्या खेळाबद्दल दोन तक्रारी होत्या. दोन्ही गंगाधरच्या.

"युसूफभाई, गाड्या सारख्या झाल्या का?" अप्पांनी विचारलं.

"तुमीच बघा, अप्पा. म्या काय बोलू?"

तपासणीची पद्धत मी सांगितली. दांड्यांना रबर, आठ व्होल्ट, दहा फेऱ्या. आणि असं चार वेळा, प्रत्येक वेळी प्रत्येक गाडी वेगळ्या खाचेत. म्हणजे कुणालाही खाचेचा फायदा राहणार नाही. अप्पांनी मान्य केलं. बटण त्यांनी स्वतः दाबलं.

पहिल्या दहा फेऱ्यांत चौथी गाडी पुढे आली, चार बोटांनी. दुसऱ्या वेळी पहिली. तिसऱ्या वेळी तिसरी आणि दुसरी बरोबर. चौथ्या वेळी दुसरी. चारही चाचण्यांत पुढे आलेल्या आणि मागे राहिलेल्या गाडीतलं सगळ्यात मोठं अंतर एक वीत भरलं. वीत अप्पांची, त्यांनी स्वतः मोजलं.

युसूफभाई तपासणीभर ट्रॅककडे पाठ करून उभे होते. चौथी चाचणी संपल्यावर त्यांनी विचारलं, "झालं?"

"झालं. वळा इकडं," अप्पा म्हणाले. "सारख्या हायत. लावा तुमचा खेळ."

युसूफभाई वळले आणि गंगाधरला म्हणाले, "पानी तुझं होतं रं. तुला एक डाव माझ्याकडनं."

"एक? सहा हारलोय म्या."

लोक हसले. अप्पा निघायला लागले. एक काम राहिलं होतं. दैनिकात आमचा नियम होता : चूक ज्या पानावर छापली, खुलासाही त्याच पानावर छापायचा. पहिल्या पानावर चूक आणि सातव्या पानाच्या तळाला खुलासा, असं चालत नसे. इथे चूक माइकवरून गेली होती. मी वहीचं पान फाडून मजकूर लिहिला आणि अप्पांना दिला.

"काल दुपारी याच माइकवरून सांगण्यात आलं की मोटार रेसच्या गाड्या सारख्या नाहीत. त्यात खेळाचे मालक युसूफभाई यांचा दोष नव्हता. तिसऱ्या व चौथ्या गाडीच्या मोटरी परभणीच्या दुकानात चुकीच्या दिशेने मुरवल्या गेल्या होत्या. चूक दुकानाची आहे. मोटरी आज दुरुस्त झाल्या असून समितीने चारही गाड्या तपासल्या आहेत. त्या सारख्या आहेत."

मूळ मजकुरात दुकानाचं नाव होतं. इथे जाहिरात होऊ नये म्हणून गाळलं आहे.

अप्पांनी कागद दोनदा वाचला. "ताई, खेळ चालू झाला की लोकांना आपोआप कळतंय. ह्याची काय गरज?"

"काल बंद झाला तेही आपोआप कळलं असतं, अप्पा."

"न् 'चूक दुकानाची' हे कशाला? तुमचंच नाव खराब. 'तांत्रिक कारण' लिवा की."

"तांत्रिक कारण म्हटलं की लोक युसूफभाईंकडेच बघणार."

त्यांनी कागद तक्रारवहीत ठेवला. "बरं. वाचतो. एकदा वाचतो."

"काल किती वेळा वाचलं होतं?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग युसूफभाईंकडे. "तीनदा," ते म्हणाले. आणि माइकच्या मांडवाकडे गेले.

खुलासा दुपारी एक वाजून पंचवीस मिनिटांनी सुरू झाला आणि तीन वेळा झाला. दुसऱ्या वेळी पाळणेवाल्याने आपला भोंगा बंद केला होता, त्यामुळे तो शेवटच्या दुकानापर्यंत ऐकू गेला. युसूफभाईंनी तो मोबाइलवर चित्रित केला. पुढच्या दोन जत्रांच्या समित्यांना त्यांनी तो त्याच दुपारी पाठवला.

तंबूत टांगलेली जुनी चिठ्ठी मी काढून घेतली. नवी लिहिली : "चारही गाड्या याच ट्रॅकवर, चारही खाचांत, समितीसमोर तपासल्या. पहिली व दुसरी एका दिशेच्या, तिसरी व चौथी उलट दिशेच्या. मोटरी आपसांत बदलू नयेत." खाली माझी सही आणि अप्पांची सही. युसूफभाईंनी वाचून पाहिली आणि म्हणाले, "लय लांब झाली, भाभी. पयली छोटी होती." मग तिला प्लास्टिक लावायला दिलं.

पहिला डाव दोनला झाला. गंगाधरने हट्टाने पहिली खाच आणि पहिली गाडी घेतली. मेहुण्याला चौथी दिली. मेहुणा जिंकला. गंगाधरने तक्रारवही मागितली नाही. त्याने दुसऱ्या डावाला दुसरी खाच मागितली.

मी संध्याकाळच्या आत परभणीला पोचले. टेबलाच्या खणातली जुनी वही काढली, गायकवाडसाहेबांच्या पानावरची रेघ मारलेली ओळ कोऱ्या कागदावर उतरवली आणि तो कागद टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवला. त्यानंतर आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दिशा विचारली आहे. या उन्हाळ्यात डोळ्यांमुळे मी टेबल सोडलं. कागद भिंतीवर आहे.

जत्रा आणखी दोन दिवस चालली. पुढच्या दोन्ही जत्रांत युसूफभाईंना जागा मिळाली. शिवलिंगअप्पा नंतर पंपाची मोटर भरायला दुकानात आले, तेव्हा मी विचारलं. गावी परतल्यावर त्यांनी तक्रारवही पुन्हा पाहून फोनवर सांगितलं : दुपारी एक पंचवीसनंतर रेसच्या खेळाबद्दल नोंद नाही. वहीतली शेवटची नोंद पाळण्याच्या भोंग्याबद्दल आहे.